दहा लाखांत सत्तर

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि त्यात सुमारे ७५० ग्रॅम हिमोग्लोबिन. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलिलिटर वायू धरून ठेवू शकतं, मग तो प्राणवायू असो की कार्बन मोनॉक्साइड. गुणाकार केला की अख्ख्या रक्ताची धारणक्षमता हाती येते: एक लिटर, बस्स. यातली निम्मी जागा कार्बन मोनॉक्साइडने बळकावली की माणूस बेशुद्ध होतो आणि वेळेवर बाहेर काढला नाही तर दगावतो. म्हणजे लागतो तो अर्धा लिटर वायू. शांत बसलेला माणूस एका श्वासात साधारण तेवढीच हवा आत घेतो. या अर्ध्या लिटरचं वजन भरतं ०.६ ग्रॅम.

हा आकडा एका बाजूला ठेवा आणि अमेरिकेतल्या मिनेसोटात चला. जानेवारीत उणे २० अंशांची रात्र तिथे नवलाची नसते. मध्यम आकाराच्या घराच्या तळघरात गॅसवर चालणारं, घर तापवणारं फर्नेस असतं, साधारण २३ किलोवॉटचं. ते पेटलेलं असताना तासाला २.२ घनमीटर नैसर्गिक वायू जाळतं. एक भाग वायू जाळायला जवळपास दहा भाग हवा लागते, म्हणजे तासाला २१ हजार लिटर हवा नुसती जाळण्यात जाते. हिवाळाभरात ज्योत एकूण हजार तास जळली असं धरू. मी मांडलेला हिशेब असा येतो: २,२०० घनमीटर वायू जळाला, २१ हजार घनमीटर हवा खर्ची पडली, चार टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड तयार झाला आणि त्याच्या जोडीला ३,३०० लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपात निघालं. दर तासाला तीनदा चालू-बंद धरलं तर पाच महिन्यांत फर्नेस दहा हजारांहून जास्त वेळा पेटलं आणि विझलं. आणि हा सगळा टनावारी पसारा घरातल्या माणसांच्या श्वासाला स्पर्श न करता एका पाइपातून बाहेर गेला पाहिजे.

टन एकीकडे आणि ०.६ ग्रॅम दुसरीकडे. थंड प्रदेशातली घरं दर हिवाळ्यात या दोन टोकांच्या मधे झोपतात.

वायूतला कार्बन नीट जळला की प्रत्येक कार्बन अणूला प्राणवायूचे दोन अणू मिळतात. हवा कमी पडली, बर्नरवर गंज किंवा धूळ बसली, ज्योत थंड पत्र्याला टेकली, की काही कार्बन अणूंना प्राणवायूचा एकच अणू मिळतो आणि ते कार्बन मोनॉक्साइड होऊन निघतात. नवीन फर्नेससाठी अमेरिकेत मानकाची मर्यादा आहे ती दहा लाखांत ४०० भागांची, म्हणजे ४०० पीपीएम, आणि हा आकडा धुरात मिसळलेली जादा हवा हिशेबातून वजा करून काढलेला. नैसर्गिक वायूच्या धुरात कार्बन डायऑक्साइड असतो सुमारे १,१७,००० पीपीएम. भागाकार करा: जवळपास तीनशे कार्बन अणूंतला एक अर्धवट राहिला की फर्नेस मर्यादेला टेकलं. चांगलं राखलेलं फर्नेस ५० पीपीएमच्याही खाली असतं, म्हणजे दोन हजारांत एकही नाही.

बिघडलेल्या फर्नेसच्या धुरात ५,००० पीपीएम कार्बन मोनॉक्साइड आहे असं समजू. तेव्हाही तेवीस अणूंतले बावीस नीट जळालेले असतात. जळण्याला शंभरातले ९६ गुण! घर तितकंच उबदार राहतं. थर्मोस्टॅटला काही कळत नाही, बिलात फरक दिसत नाही. पण तासाला १९ हजार लिटर कोरडा धूर धरला तर त्यातून ९५ लिटर कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. जीव घ्यायला अर्धा लिटर रक्तात जावा लागतो आणि इथे तासाला ९५ लिटर तयार होतोय. पाइप शाबूत असेल तर तो आकाशात जातो. पाइपाचा सांधा निसटला असेल तर तळघरात.

तळघरात गेला तर काय? तीनशे घनमीटरचं घर घ्या, म्हणजे तेराशे चौरस फुटांचं. थंडीपासून वाचण्यासाठी ही घरं घट्ट बांधलेली असतात. तासाभरात घरातली तीस टक्के हवा बदलते असं धरू. ज्योत अखंड पेटलेली राहिली तर पहिल्या तासाअखेर घरभर सुमारे २७० पीपीएम, आणि तसंच चालू राहिलं तर आकडा चढत हजाराच्या वर जाऊन स्थिरावतो. ८०० पीपीएमला पाऊण तासात चक्कर आणि मळमळ, दोन तासांच्या आत शुद्ध हरपते. १,६०० पीपीएमला तासाभरात मृत्यू येऊ शकतो. ६,४०० पीपीएमला पंधरा मिनिटांत. १२,८०० पीपीएमला, म्हणजे हवेच्या जेमतेम सव्वा टक्क्याला, एक ते तीन मिनिटं पुरतात.

दक्षिण कोरियात डिसेंबर २०१८ मध्ये गांगनुंग इथल्या एका पेन्शनमध्ये, म्हणजे सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या घरात, दहा विद्यार्थी उतरले होते. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा नुकतीच संपली होती. बॉयलर आणि धूर बाहेर नेणारी नळी यांचा सांधा निसटलेला होता. तिघं गेले, सात जणांना रुग्णालयात हलवावं लागलं. त्या घरात अलार्म नव्हता. सांधा सुटलाय हे पाहायला कुठलंही उपकरण लागत नाही, बॉयलरजवळ जाऊन उभं राहावं लागतं. या घटनेबद्दल वाचताना माझं मन दर वेळी इथेच अडतं.

सांधा शाबूत असला तरी धूर वर जाईलच असं नाही. जुन्या पद्धतीच्या फर्नेसमध्ये आणि पाणी तापवण्याच्या टाकीत धुराला ढकलणारा पंखा नसतो. गरम हवा हलकी, ती वर जाते, आणि धुरांड्याची ओढ तयार होते. ही ओढ किती? उपकरणाच्या तोंडाशी मोजली तर ती बहुतेक वेळा दोन ते दहा पास्कलच्या दरम्यान भरते. वातावरणाचा दाब आहे १,०१,३२५ पास्कल. पाच पास्कल म्हणजे त्याचा वीस हजारावा भाग. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर वातावरण दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतं आणि धुरांड्याची ओढ तोलते अर्धा मिलिमीटर. त्या अर्ध्या मिलिमीटरवर घराचा श्वास अवलंबून आहे. स्वयंपाकघरातला मोठा एक्झॉस्ट पंखा लावला, कपडे वाळवण्याचं यंत्र चालू केलं, न्हाणीघरातले दोन पंखे फिरायला लागले, की घट्ट बांधलेल्या घरात आतला दाब पाच पास्कलने सहज उतरतो. मग धुरांडं उलटं वाहू लागतं. धूर खाली येतो. काहीही मोडलेलं नसतं, कुणी चूक केलेली नसते. भाजी फोडणीला टाकताना पंखा लावला, इतकंच झालेलं असतं.

आता शरीराकडे येऊ. क्लोद बर्नार्ड या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८५० च्या दशकातच दाखवून दिलं होतं की हा वायू रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. हिमोग्लोबिनची कार्बन मोनॉक्साइडवरची पकड प्राणवायूपेक्षा २०० ते २५० पट घट्ट असते. २४० धरू. फुप्फुसांच्या तळाशी प्राणवायू असतो दहा लाखांत सुमारे १,४०,००० भाग. त्याला २४० ने भागा. उत्तर येतं ५८३. म्हणजे हवेत जेमतेम ६०० पीपीएम असला आणि माणूस तिथे पुरेसा वेळ राहिला, तर रक्त प्राणवायू आणि विष यांत निम्मं-निम्मं वाटलं जातं.

अणुरेणूंच्या पातळीवर उतरलं की नेहमीची आकडेमोड अपुरी पडते. शरीरात तांबड्या पेशी आहेत सुमारे २५ लाख कोटी. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू, आणि प्रत्येक रेणूवर चार जागा, म्हणजे एका पेशीत १०८ कोटी जागा. भास्कराचार्यांच्या लीलावतीतली दशमान नावं परार्धापाशी संपतात, म्हणजे एकावर सतरा शून्यं. शरीरातल्या या सगळ्या जागा मोजल्या तर त्या होतात सुमारे २ लाख ७० हजार परार्ध. आणि ७० पीपीएम कार्बन मोनॉक्साइड असलेल्या हवेचा एक श्वास घेतला तर आत जातात साडेआठ परार्ध रेणू. झोपलेला माणूस आठ तासांत सात हजारांच्या आसपास श्वास घेतो. प्रत्येक रेणू चिकटतोच असं नाही, बरेचसे उच्छ्वासाबरोबर परत जातात. पण जो चिकटला तो सहजी सुटत नाही. स्वच्छ हवेत रक्तातला निम्मा कार्बन मोनॉक्साइड जायला चार ते सहा तास लागतात. मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तास. दाबाखालच्या प्राणवायूच्या कक्षात वीस ते तीस मिनिटं.

आणि यातलं काहीही नाकाला कळत नाही. रंग नाही, वास नाही, घशाला खवखव नाही. हवेच्या तुलनेत वजन २९ ला २८, म्हणजे जवळपास सारखंच, त्यामुळे तो खालीही साचत नाही आणि वरही जमत नाही, घरभर मिसळतो. डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. हिवाळ्यात हीच लक्षणं फ्लूची. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी त्रास व्हावा, बाहेर पडल्यावर बरं वाटावं आणि घरी आल्यावर पुन्हा सुरू व्हावं, ही खूण डॉक्टर सांगतात. पण जो आजारी आहे त्याचाच मेंदू ही खूण जुळवायला लागतो, आणि प्राणवायू सगळ्यात आधी तिथेच तुटतो. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाच्या रक्तातून तर हा वायू आईपेक्षाही सावकाश उतरतो.

हे सगळं स्वतःच्या अंगावर मोजलं ते स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी. १८९५ मध्ये त्यांनी मोजून-मापून कार्बन मोनॉक्साइड हुंगला, रक्ताची जवळपास निम्मी क्षमता व्यापेपर्यंत, आणि आपल्याला काय होतंय ते टिपत राहिले. कोळशाच्या खाणीत छोटे प्राणी न्यावेत ही सूचना त्यांचीच. लहान जिवाचा श्वास आणि रक्ताभिसरण माणसाहून कितीतरी वेगवान, म्हणून तो आधी कोसळतो. ब्रिटिश खाणींमधून कॅनरी पक्षी निवृत्त झाले ते थेट १९८६ मध्ये, इलेक्ट्रॉनिक यंत्रं आल्यावर.

घरातला अलार्म हा त्या पक्ष्याचा वारस. त्याच्या पोटात एक रासायनिक कुपी असते. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू तिथे पोचला की पाण्याशी संयोग होऊन दोन इलेक्ट्रॉन सुटतात. एका पीपीएमला वीज मिळते ती एक-दोन नॅनोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या अब्जाव्या भागाएवढी. ७० पीपीएमला शंभर-दीडशे नॅनोअँपिअर. इतक्या क्षीण प्रवाहावर माणसं जागी होतात, आणि दर वर्षी अनेक जीव त्यामुळे वाचतात. अलार्म लावाच, झोपायच्या प्रत्येक खोलीजवळ लावा. मिनेसोटाचा कायदा तर फुटांत सांगतो: झोपायच्या खोलीपासून दहा फुटांच्या आत.

पण अलार्म कधी वाजतो हे फार थोड्यांना ठाऊक असतं. अमेरिकी मानकानुसार ७० पीपीएमला तो एक ते चार तासांत वाजला पाहिजे, आणि तासाच्या आत वाजता कामा नये. १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटांत. ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत. रक्ताची दहा टक्के जागा व्यापण्याच्या सुमारास निरोगी प्रौढाला उठवायचं, हे त्यामागचं गणित. आणि त्याच मानकात पुढे आहे की ३० पीपीएम सलग ३० दिवस असला तरी अलार्मने गप्प राहावं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची मर्यादा आहे घनमीटरला ४ मिलिग्रॅम, म्हणजे साडेतीन पीपीएम. त्याच्या साडेआठ पट कार्बन मोनॉक्साइड असलेल्या हवेत महिनाभर राहिलात तरी हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत राहील.

ही मर्यादा अशी का ठेवली, त्यालाही इतिहास आहे. शिकागोने १ ऑक्टोबर १९९४ पासून घरांत हे अलार्म सक्तीचे केले. त्याच डिसेंबरात शहरावर थंड हवेचा थर बसला, वाहनांचा आणि धुरांड्यांचा धूर खालीच कोंडला आणि हजारो घरांतले नवेकोरे अलार्म एकदम वाजू लागले. अग्निशमन दलाला एका दिवसात दीड हजारांहून जास्त फोन आले. इतके बंब कुठून आणणार? पुढच्या वर्षी मानक बदललं, कमी पातळीला गप्प राहण्याची अट आली. अग्निशमन दलाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. खोटे वाटणारे अलार्म लोक भिंतीवरून काढून टाकतात. पण त्यामुळे ३० आणि ६९ च्या मधली जागा, तान्ह्या बाळांची, हृदयरोग्यांची, गरोदर बायकांची जागा, यंत्राच्या नजरेतून बरीचशी सुटली. त्या जागेवर नजर ठेवणारा माणूसच लागतो, वर्षातून एकदा येणारा.

तो येऊन काय करतो? चांगला टेक्निशियन आधी आपलं यंत्र बाहेरच्या मोकळ्या हवेत शून्यावर आणतो, मग घरात शिरतो. दारातच घरातल्या हवेचं माप घेतो. ७० पीपीएमच्या वर असेल तर तपासणी तिथेच थांबते आणि सगळ्यांना बाहेर काढलं जातं. नसेल तर तो फर्नेस पेटवतो, धुराच्या नळीत सळई घालतो आणि कार्बन मोनॉक्साइडबरोबर प्राणवायूही मोजतो. हा दुसरा आकडा फार महत्त्वाचा. पडद्यावर १०० पीपीएम दिसले म्हणून हुश्श करायचं नसतं; धुरात ९ टक्के प्राणवायू असेल तर त्यात बरीच जादा हवा मिसळली आहे, ती वजा केली की खरा आकडा १७६ निघतो. दोनशेच्या घरातला आकडा असाच चारशेच्या घरात जाऊ शकतो. मग तो हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या भागात, कॅमेरा घालून तडे शोधतो. गॅसचा दाब पाहतो, जो पाण्याच्या साडेतीन इंचांवर हवा. शेवटी घराला सगळ्यात वाईट परिस्थितीत ढकलतो: खिडक्या-दारं बंद, सगळे पंखे चालू, कपडे वाळवण्याचं यंत्र चालू. अशा वेळी धुराची कांडी धुरांड्याच्या तोंडाशी धरली की त्या अर्ध्या मिलिमीटरची परीक्षा होते. धूर आत खेचला गेला तर ठीक. खोलीत पसरला तर नाही.

या शेवटच्या परीक्षेला मी सगळ्यात जास्त मान देते, कारण नुसतं निरोगी दिवशी केलेलं मोजमाप फसवू शकतं. एमिल झोला, फ्रान्सचे थोर कादंबरीकार, २८ सप्टेंबर १९०२ ला गावाकडून पॅरिसच्या घरी परतले. गारठा होता म्हणून झोपायच्या खोलीत विस्तव पेटवला होता. रात्री पती-पत्नी दोघांनाही अस्वस्थ वाटलं. सकाळी झोला मृत सापडले, पत्नी अलेक्झांड्रीन वाचल्या. मृत्यू कार्बन मोनॉक्साइडने झाला हे रक्ताने सांगितलं. मग तपासणी झाली. त्याच खोलीत पुन्हा विस्तव पेटवला, गिनी पिग ठेवले. ते जगले. धुरांडं उकललं, त्यात मृत्यूचा उलगडा होईल असं काही सापडलं नाही. अपघात म्हणून प्रकरण मिटलं. देशद्रोहाचा खोटा आरोप झालेल्या ड्रेफस या लष्करी अधिकाऱ्याच्या प्रकरणात झोलांनी घेतलेली बाजू अनेकांना खुपत होती, आणि १९५३ मध्ये एका फ्रेंच वर्तमानपत्राने छापलं की धुरांड्यांचं काम करणाऱ्या एका माणसाने मरण्यापूर्वी कबुली दिली होती: आम्ही ते मुद्दाम बुजवलं आणि सकाळी मोकळं केलं. ते खरं की खोटं हे आता सिद्ध होणं अवघड. पण धुरांड्याची अवस्था रात्रीतून बदलू शकते आणि सकाळी पुरावा उरत नाही, हे मात्र या प्रकरणाने जगाला दाखवलं.

जर्मनीने या प्रश्नाला जे उत्तर दिलं ते मला सगळ्यात पटतं. तिथे धुरांडी साफ करणारा हा सरकारने नेमलेला अधिकारीच असतो. देशाचे हजारो विभाग पाडलेले आहेत, प्रत्येक विभागाला असा एक जण सात वर्षांसाठी नेमला जातो आणि त्या सात वर्षांत दोनदा त्याने विभागातल्या प्रत्येक घराची चूल, बॉयलर, धुरांडं प्रत्यक्ष पाहायचं असतं. खोलीतली हवा वापरणाऱ्या गॅस उपकरणाचं मोजमाप दर वर्षी होतं. धुरात १,००० पीपीएमच्या वर आढळलं तर दुरुस्ती करून सहा आठवड्यांच्या आत पुन्हा मोजमाप करावं लागतं. घर स्वतःचं की भाड्याचं हा प्रश्न तिथे येत नाही.

ब्रिटनने वेगळा मार्ग धरला. १९९८ च्या नियमांनी घरमालकाला बांधलं: भाड्याने दिलेल्या घरातलं प्रत्येक गॅस उपकरण दर बारा महिन्यांनी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासून घ्यायचं, आणि त्याची नोंद २८ दिवसांत भाडेकरूच्या हातात द्यायची. गॅस सेफ रजिस्टरवर असे एक लाखाहून जास्त तंत्रज्ञ आहेत. फ्रान्सने २००९ च्या आदेशाने बॉयलरची वार्षिक देखभाल सक्तीची केली. अमेरिकेत मात्र ग्राहक सुरक्षा आयोग दर वर्षी तपासणी करा असा सल्ला देतो आणि बाकी सगळं घरमालकाच्या विवेकावर सोडलेलं आहे. आगीशी संबंध नसलेल्या आणि हेतुपुरस्सर नसलेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने त्या देशात दर वर्षी ४०० हून जास्त माणसं मरतात, एक लाखाहून जास्त आपत्कालीन विभागात पोचतात, १४ हजारांहून जास्त भरती होतात. यात जनरेटर आणि मोटारीही आल्या, पण घर तापवण्याच्या साधनांचा वाटा मोठा आहे.

मराठी मुलंमुली आज कॅनडातल्या टोरांटो-ब्रॅम्प्टनच्या तळघरांत, मिनियापोलिसच्या जुन्या घरांत भाड्याने राहतात. तळघरातल्या खोलीला लागून बहुधा फर्नेसचीच खोली असते. भाडेकरार करताना फर्नेसची शेवटची तपासणी कधी झाली हे विचारण्यात संकोच कसला? आणि विषय फक्त परदेशाचा नाहीच. २०२० च्या जानेवारीत नेपाळमध्ये दामन इथल्या हॉटेलात केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार लहान मुलं, बंद खोलीत गॅसच्या हीटरपाशी झोपले आणि उठले नाहीत. आपल्याकडचे किती तरी लोक हिवाळ्यात काश्मीर-मनालीला जातात, तेव्हा खोलीत बुखारी किंवा गॅसचा हीटर असतो. घरी परतल्यावर न्हाणीघरात गॅस गिझर. दर हिवाळ्यात मुंबई, पुणे, नाशिककडून त्याच्या बातम्या येतात. त्याचा हिशेब तर अंगावर काटा आणणारा आहे: मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर १२ किलोवॉटच्या आसपासचा, म्हणजे वर सांगितलेल्या अख्ख्या घराच्या फर्नेसच्या निम्मा. त्याला तासाला बारा घनमीटर हवा लागते. न्हाणीघर असतं सहा घनमीटरचं. दहा मिनिटांच्या अंघोळीत तो खोलीतल्या हवेचा एक तृतीयांश हिस्सा जाळतो, आणि प्राणवायू जसजसा उतरतो तसतसा कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. धूर बाहेर नेणारी नळी नसेल तर तो गिझर न्हाणीघराच्या आत बसवूच नये.

कायदे कधी होतात हे पाहिलं की वाईट वाटतं. जानेवारी २००५ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये मोठं हिमवादळ झालं आणि बर्फाने एका घराच्या बाहेरच्या भिंतीतलं धुराचं तोंड बुजवलं. सात वर्षांची मुलगी गेली. आधुनिक, जास्त कार्यक्षम फर्नेसचा धूर उंच धुरांड्यातून न जाता भिंतीतून, जमिनीपासून हातभर उंचीवर बाहेर पडतो. दोन-तीन फूट बर्फ साचला की झालं. त्यानंतरच्या कायद्याने ३१ मार्च २००६ पर्यंत राज्यातल्या घरांना अलार्म लावायला लावले. भिंतीतून निघणाऱ्या धुराच्या तोंडाच्या वर, जमिनीपासून किमान आठ फुटांवर, पाटी लावायचा नियमही आहे: खाली गॅसचं तोंड आहे, मोकळं ठेवा. बर्फ कितीही चढला तरी पाटी वर राहावी म्हणून आठ फूट.

अमेरिकेत गॅसवर तापणारी घरं आहेत सुमारे सहा कोटी. एका तंत्रज्ञाने दिवसाला सहा घरं नीट तपासली, वर्षात दोनशे दिवस काम केलं, तर १,२०० घरं होतात. सहा कोटींना पन्नास हजार तंत्रज्ञ पुरतात. पण सगळ्यांना तपासणी हवी असते थंडी पडायच्या आधी, सप्टेंबर ते नोव्हेंबर, म्हणजे कामाचे साठच दिवस. मग लागतात जवळपास एक लाख सदुसष्ट हजार. ब्रिटनमध्ये गॅस पोचलेली घरं दोन कोटींच्या पुढे आहेत आणि तंत्रज्ञ लाखाच्या वर. म्हणजे प्रमाण पाहता हे काम अवाक्याबाहेरचं मुळीच नाही. ब्रिटनने भाड्याच्या घरांसाठी ते करून दाखवलं, जर्मनीने सगळ्याच घरांसाठी. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्या ब्रिटिश किंवा अमेरिकन कुटुंबाच्या फर्नेसजवळ मात्र आज कायद्याने कुणालाही जावं लागत नाही, आणि माझ्या मते हीच उणीव सगळ्यात आधी भरून निघायला हवी.